इंजू एकटी उतरते

खिडकीआडच्या मुलीने कागद माझ्याकडे परत सरकवला आणि म्हणाली, “आजी, आईचं नाव चुकलंय.” घडले ते एवढेच. डिसेंबरचा पहिला आठवडा, डोंगरावरच्या स्की-केंद्राचे अल्माटी शहरातले कार्यालय, आत ओल्या कोटांचा आणि रबरी बुटांचा वास, आणि माझ्यामागे बारा-पंधरा माणसांची रांग, जिने ते वाक्य स्वच्छ ऐकले. मी जन्मभर इतरांच्या चुका दाखवत आले. स्वतःची कुणी चारचौघांत दाखवावी, याची सवय मला नाही. मी चष्मा लावून कागद पाहिला. नऊ वर्षे पुरी झालेल्या मुलाला लिफ्टने एकट्याने वर जाता येईल, मात्र आई किंवा वडिलांची संमती हवी. अन्यथा सोबत घरचे किंवा शाळेचे मोठे माणूस हवे, असा तो अर्ज होता. इंजूने तो आपल्या हाताने भरला होता, कारण आपले काम आपण करावे हे मीच तिला शिकवले आहे. वडिलांच्या जागी तिने बैबित लिहिले होते, म्हणजे माझा मुलगा. आणि आईच्या जागी, कुठेही न अडखळता, उरकिया. उरकिया म्हणजे मी. कागदापुरती मी माझ्याच मुलाची बायको झाले होते. खिडकीतल्या मुलीने जन्मदाखला उलटसुलट केला आणि मकपाल कोण, असे विचारले. त्यावर इंजूने टाचा उंचावून, हनुवटी खिडकीच्या कडेवर टेकवून, अत्यंत सौजन्याने सांगितले, “त्या आमच्या सूनबाई.”

रांगेत कोणीतरी हसले. मी लाजले असे म्हटले तर ते खोटे होईल. मला आतून ऊब आली. थंडीतून घरी आल्यावर मटणाच्या रश्श्याचा पहिला घोट उतरत जातो तशी. पण खिडकीतल्या मुलीने कोरा अर्ज पुढे केला, इंजूने पेन घेतले आणि आईच्या रकान्यात मकपाल असे लिहिले. मी तिच्या हाताकडे पाहत होते. हात कुठेतरी थांबेल, एखाद्या अक्षरापाशी जड होईल, ती मान वर करून माझ्याकडे बघेल, असे मला वाटत होते. हात थांबला नाही. आपण एक साधी चूक केली आणि आता ती दुरुस्त करत आहोत, इतक्या सहजतेने तिने ते नाव लिहिले आणि खाली सहीची जागा मोकळी सोडली. ती मोकळी जागा पिशवीत घेऊन मी घरी आले. बैबित पश्चिमेकडे तेलाच्या विहिरींवर असतो, महिना तिकडे आणि महिना इकडे, आणि नववर्ष उलटेपर्यंत त्याचा पाय घरात पडणार नव्हता. फोनवर त्याने सांगितले की तुम्ही दोघी काय ते ठरवा, आणि तिकडे कोणीतरी हाक मारत असल्याचे निमित्त करून फोन ठेवला. म्हणजे सही मकपालची. माझ्या घरात, माझ्या मुलीच्या बाबतीत, मला सुनेची सही लागणार होती.

आमच्यात पहिले नातवंड आजी-आजोबांचे असते. ते कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही. ते तसे असतेच. चाळिसाव्या दिवशी बाळाला चाळीस चमचे पाण्याने न्हाऊ घातले, तेव्हा मकपाल चोवीस वर्षांची होती. तिने बाळ माझ्या हातांवर ठेवले, दोन पावले मागे सरली आणि पाहुण्यांना चहा ओतायला वळली. तिच्या पोशाखावर छातीपाशी दोन ओले डाग पसरत होते. मी ते पाहिले. पाहिले, हे आजवर कुणाला सांगितले नाही. तेव्हापासून इंजू माझ्या खोलीत, माझ्या रजईत वाढली. ती मला अपा, म्हणजे आई, म्हणते आणि अरे-तुरे करते. जन्मदात्रीला मकपाल-ताते, म्हणजे थोरल्या ताईसारखे, आणि अहो-जाहो. पुढे मकपालला दोन मुलगे झाले, ते तिचे. तिच्या वाट्याला दोन आणि माझ्या वाट्याला एक; वाटणीत मी हावरटपणा केला असे कुणी म्हणू नये. माझा स्वतःचा थोरलाही असाच माझ्या सासूच्या मांडीवर, इली नदीकाठच्या खेड्यात वाढला. आज तो पन्नाशीचा आहे आणि सणासुदीला फोन करून विचारतो, “उरकिया-ताते, बऱ्या आहात ना?” त्या दिवसांत मला सासूचा इतका मत्सर वाटे की तिने भाजलेला पाव माझ्या घशाखाली उतरत नसे. रात्री ती त्याला थोपटी, त्या थोपटण्याचा आवाज भिंतीतून येई आणि मी तो मोजत पडून राही. मी सासू होईन त्या दिवशी हे सारे फिटेल, असे मी तेव्हा धरून चालले होते. फिटले नाही. मत्सराने फक्त कूस बदलली.

मुलांच्या क्रीडाशाळेत मी एकतीस वर्षे स्की शिकवले, शेवटची अकरा मुख्य म्हणून. शहरातले निम्मे डॉक्टर आणि वकील माझ्या शिट्टीवर वळायला शिकले आहेत. दर हिवाळ्यात आईबाप मला एकच प्रश्न विचारीत, की मूल कितव्या वर्षी एकटे सोडावे, आणि मी त्यांना सांगे की वय घोड्याचे विचारावे, दात पाहून कळते. मुलाचे कळत नाही. माझी रीत निराळी होती. मी मुलाला वर सोडून खाली जाते असे सांगे, आणि उताराच्या मधल्या वळणापाशी देवदारांच्या आड उभी राही. कुणाच्या देखत प्रत्येक मूल शहाणे असते. कुणीही पाहत नाही अशी खात्री असताना जे वळणाआधी वेग कमी करते, दोन वळणे घेऊन, मान वळवून वरून कोणी येत नाही ना ते बघते, ते तयार. काही सातव्या वर्षी तयार होत, काही चौदाव्याही नाही. मी हो म्हटलेले एकही मूल पाय मोडून घरी गेले नाही. माझा हो म्हणजे दगडावरची रेघ, आणि एकतीस वर्षांत त्या रेघेवर कुणी बोट ठेवले नव्हते.

त्याच शरदाच्या सुरुवातीला माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरने, जो योगायोगाने माझाच जुना विद्यार्थी, मान खाली घालून सांगितले की स्की आता बंद. मला वाटले होते, एक हिवाळा इंजूही खाली बसेल. आठच दिवसांत मकपाल माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. तिच्या हातात स्की होत्या, नव्या नव्हत्या, खरवडलेल्या. दोन वर्षे, दर मंगळवारी, औषधांच्या दुकानातल्या नोकरीला तिला सुटी असे त्या दिवशी, ती डोंगरावर जाऊन शिकत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. तिसाव्या वर्षानंतर शिकणारी बाई कशी पडते ते मला ठाऊक आहे. त्या दोन वर्षांतले तिचे निळे पडलेले कोपर, स्वयंपाकघरात पाट ओढताना तिने दाबलेला ओठ, हे सगळे एकदम माझ्यापुढे येऊन उभे राहिले. ती म्हणाली, “अपा, आता तिला मी नेत जाईन. तुम्हाला त्रास नको.” तिने त्रास हा शब्द किती अदबीने उच्चारला. मी नाही म्हणायला कारण शोधले आणि मला ते सापडले नाही.

त्यानंतरचे सात रविवार मी सोसले. त्या दोघी पहाटे बस पकडत, आणि दुपारी चारला इंजू माझ्या खोलीत येई तेव्हा तिच्या केसांत माझ्या ओळखीचा बर्फाचा वास असे आणि त्याखाली दुसरा एक, मकपाल ओठांना लावते त्या मलमाचा. ती खुर्ची-लिफ्टवर दोघींनी मिळून खाल्लेल्या बाउरसाकांविषयी सांगे. ते कणकेचे गोळे माझ्या हातचे, मीच तळून दिलेले. ते त्यांनी एकमेकींच्या हातमोज्यांतून काढून खाल्ले. मकपाल-ताते पडल्या आणि बर्फात पडल्यापडल्या हसत राहिल्या, हे सांगताना इंजूही हसे. मी कधी पडले नव्हते. मुलांसमोर पडणे म्हणजे काय, हे मला माहीतच नव्हते, आणि आता त्या पडण्याचाच मला हेवा वाटत होता. लिफ्टवर नऊ मिनिटे लागतात. खाली दरी, वर तार, आणि जगात दुसरे कोणी नाही अशी नऊ मिनिटे, दिवसात दहा वेळा. इतक्या वेळात मुलाला काय काय सांगता येते याचा मी हिशेब करी, आणि मग तो अर्धवट टाकून उशीर झाला म्हणून इंजूवर उगाचच खेकसे.

अर्जाची कल्पना माझी होती. नऊ वर्षे झालेले मूल एकटे जाऊ शकते हे मला कळले, त्या दिवशी मी फार शांत झोपले. इंजू एकटी गेली की ती कुणाबरोबरच नसेल. माझ्याबरोबर नाही, हे मी गिळू शकत होते. मकपालबरोबर, हे गिळवत नव्हते. तरीही मी शिक्षिका आहे. म्हणून अर्ज आणण्याआधीच्या शुक्रवारी मी काठी टेकत लिफ्टने मधल्या थांब्यापर्यंत गेले आणि त्याच जुन्या देवदारांच्या आड उभी राहिले. शाळेच्या तुकडीबरोबर आलेली इंजू तुकडी पुढे गेल्यावर शेवटी, एकटी निघाली. ती सरळ आली. एकही वळण न घेता, गुडघे ताठ, काठ्या काखेत, तोंड उघडे, काहीतरी गात. बाणासारखी वळणावरून गेली आणि माझ्या पापण्यांवर तिने उडवलेला बर्फ बसला. इतकी सुंदर ती मला कधी दिसली नव्हती. दुसऱ्या कुणाचे मूल असते तर मी त्याच क्षणी म्हटले असते, अजून दोन वर्षे. मी पापण्या पुसल्या, खाली आले आणि दुसऱ्या दिवशी इंजूला घेऊन अर्जाच्या रांगेत उभी राहिले.

त्या संध्याकाळी जेवणाच्या मेजावर मी कागद मकपालपुढे ठेवला. ती माझा चहाचा पियाला भरत होती. सही कर, असे मी सांगितले. आमच्या घरात सून सासूला उलट विचारत नाही, आणि मकपालने बारा वर्षांत कधी विचारले नव्हते. तिने पियाला दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला, कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि कागदाकडेच पाहत म्हणाली, “अपा, अजून नको. कुणी नसलं की ती सरळ येते.”

तिलाही दिसले होते. कुठून, कधी, मी विचारले नाही. ती मुलीला पुढे सोडून मागे थांबली असेल, कुठल्यातरी झाडाआड उभी राहिली असेल. मला ते पाहायला एकतीस वर्षे लागली होती आणि हिने दोन वर्षांत, बर्फात आपटत आपटत, तीच नजर कमावली होती. मुलीबरोबरची नऊ मिनिटे तिने घेतली, ती गेली तर गेली; पण ही नजर माझी होती.

मी म्हणाले, “मी झाडाआडून पाहिलंय. वळते ती. तयार आहे.”

मकपालने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर संशय असता तर मी तो ठेचून काढला असता. तिथे संशय नव्हता, सुटका होती. शहरातल्या सगळ्या आईबापांच्या चेहऱ्यावर मी पाहिलेली, कुणी जाणत्याने आपल्या डोक्यावरचे ओझे उतरवले की दिसते ती. तिने पेन मागितले आणि सही केली. मग एवढेच विचारले की इंजू एकटी जाईल त्या दिवशी आपणही यावे काय. ये, पण स्की आणू नकोस, मी बजावले; तू वर असलीस तर ती एकटी कसली.

रविवारी आभाळ पांढरे होते, उतार आणि आकाश यांच्यातली कड पुसलेली. धाकट्या दोघांना मकपालने बहिणीकडे सोडले होते. आम्ही तळाशी कुंपणापाशी उभ्या राहिलो, एकमेकींपासून दहा-बारा पावलांवर, जणू दोन वेगळ्या घरांतल्या बायका. मी इंजूला सांगितले होते की खाली यायचे, कुंपणाला हात लावायचा आणि मगच पुन्हा लिफ्टकडे वळायचे. पहिल्या खेपेला ती चौदा मिनिटांत आली आणि माझ्यापुढे थांबून कुंपणाला हात लावून गेली. मी मकपालकडे पाहिले नाही. पाहण्याची गरज नव्हती. दुसऱ्या खेपेला ती मकपालपुढे थांबली. मकपालने कुंपणावरून वाकून तिच्या गालावरचा बर्फ पुसला, माझ्यादेखत, जे तिने नऊ वर्षांत कधी केले नव्हते, आणि इंजूने गाल मागे घेतला नाही. “इंजू, मी इकडे आहे,” मी म्हणाले. माझा आवाज पटांगणावर शिट्टी फुंकावी तसा गेला. इंजूने माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे, आणि लिफ्टकडे गेली.

तिसऱ्या खेपेला ती आली नाही. चौदा मिनिटे झाली, वीस, सत्तावीस. मुले येत होती, लाल टोप्या, हिरव्या टोप्या, पण इंजूची पिवळी नव्हती. पांढऱ्यातून प्रत्येक ठिपका बाहेर पडताना मला तो पिवळा दिसे आणि जवळ येताना रंग बदले. मला डोळ्यांपुढे ते वळण दिसत होते. तिथे वळणाबाहेर दगड आहेत, बर्फाखाली फूटभर, आणि त्या दगडांविषयी मी एकतीस वर्षे मुलांना सांगत आले. मला तिचे उघडे तोंड दिसत होते. गुडघा दुखत नव्हता, तो मला जाणवतच नव्हता. मी मकपालकडे चालत गेले आणि तिला वर कुणाला तरी पाठव, काही तरी कर, असे म्हटले. ती जागची हलली नाही. “येईल, अपा,” ती म्हणाली. “तुम्ही तयार म्हणालात ना. तुमचा शब्द आजवर चुकला नाही, म्हणून तर मी सही केली.”

“मी खोटं बोलले,” मी म्हणाले. “सरळ येते ती. मी पाहिलं होतं.”

का, हे तिने विचारले नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली. एक सून सासूकडे जितका वेळ पाहू शकते त्याहून बराच अधिक वेळ. तिच्या डोळ्यांत राग यायला हवा होता आणि मी त्याची वाट पाहत होते, कारण रागाला मला उत्तर देता आले असते. मग ती कुंपणाखालून वाकून पलीकडे गेली आणि रस्त्यावर वापरायच्या बुटांनी उताराच्या कडेने वर चढू लागली. दर दुसऱ्या पावलाला घसरत होती, हाताने बर्फ धरत होती. पहारेकऱ्याने तिला हटकले. तिने ऐकले नाही. ती लहान लहान होत गेली, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, त्या भीतीतही मला तिचा हेवा वाटला, की तिचे पाय चढू शकतात.

ती शंभर पावले गेली असेल, तेव्हा उजवीकडच्या देवदारांतून पिवळी टोपी बाहेर पडली. त्या बाजूला खोलगट जागेत जुनी छोटी लिफ्ट आहे, जी तळाला न येता मधूनच पुन्हा वर नेते. तिथे सहसा कोणी जात नाही. इंजू एक वळण घेत आली, मग दुसरे. मकपाल जिथे होती तिथेच बर्फात बसली आणि बसल्या जागी घसरत खाली आली. इंजू आम्हा दोघींच्या मधोमध थांबली. मकपालपासून पाच पावले आणि माझ्यापासून पाच. तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. कुठे होतीस, असे मी विचारले.

“तिकडच्या लिफ्टनं तीनदा गेले,” ती म्हणाली, स्कीच्या टोकांकडे बघत. “झाडांतून तुम्ही दोघी दिसत होतात. कुणाकडे आधी यायचं ते कळेना.”

मागे लिफ्टच्या खुर्च्या एकामागून एक वळत होत्या आणि प्रत्येक खुर्ची वळताना साखळीचा एकच आवाज येत होता. मला पुष्कळ काही सांगता आले असते, आज्ञा करता आली असती, की अपाकडे आधी यायचे, मोठ्या माणसाकडे. किंवा त्याहून मोठ्या मनाने, की आईकडे. दोन्ही वाक्ये माझ्या तोंडात तयार होती आणि दोन्हींत ती पुन्हा कुणाकडे तरी जात होती. इंजूने नाक बाहीला पुसले आणि अजून एकदा जाऊ का, असे विचारले. ते तिने कुणाला विचारले हे सांगता येणार नाही. ती अजून स्कीकडेच पाहत होती. मी तोंड उघडण्याआधी मकपाल म्हणाली, “एकदाच. आणि सरळ यायचं नाही. आम्ही नसलो तरी.” इंजू एकदम लाल झाली, मान हलवली आणि गेली.

मी तिला लिफ्टच्या खुर्चीत बसताना पाहिले, दांडी खाली घेताना पाहिले, आणि मग पाहणे थांबवले. “आत चल,” मी मकपालला म्हणाले. चहाच्या दुकानात उताराकडे तोंड केलेली मोठी काच आहे आणि सगळे आईबाप तिला नाक लावून बसतात. मी तिथले मेज सोडून भिंतीकडचे घेतले आणि मकपालला दाखवले, की इकडे, काचेकडे पाठ करून. ती समजली. तिचा पोशाख कमरेपर्यंत भिजला होता, हात लाल झाले होते. आम्ही समोरासमोर नाही, शेजारी बसलो, भिंतीकडे बघत. तिथे फळीवर रिकाम्या बाटल्यांशिवाय काहीही नव्हते. चौदा मिनिटे. मागच्या लोकांतून कुणी ओरडले, कुणी हसले, दार उघडले, मिटले. माझी मान वळवायची नाही, असे मी ठरवले होते, आणि ती वळली नाही. पण मकपालची वळते काय, यावर मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पहारा ठेवला होता. तिचा एक डोळा, तितक्याच चिकाटीने, माझ्यावर होता.